सतराची झडप

शिरपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात नंबर पंचवीस होते आणि घंटी एक.

एक्स्चेंज म्हणजे पोस्टामागची खोली. भिंतीला टेकून लाकडी बोर्ड उभा, त्याच्यावर ओळीनं रुपयाएवढ्या पितळी झडपा, प्रत्येक झडपेखाली नंबर आणि एक भोक. गावात कोणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की त्याची झडप खटकन खाली पडायची, पडता पडता घंटीला ठोका द्यायची, आणि ऑपरेटर त्या भोकात दोरीचा प्लग घालून ‘नंबर प्लीज’ म्हणायची. पंचवीस दारांवर फेऱ्या मारून ‘काही हवंय का’ असं विचारायची गरज नव्हती. ज्याला हवं असेल तो स्वतःच कळवणार. तोवर ऑपरेटरनं खुशाल स्वेटर विणावा.

हीराबाई स्वेटर विणत नसे. सकाळी बोर्डासमोरच्या उंच स्टुलावर बसली की संध्याकाळचा माणूस येईपर्यंत ती झडपांकडे पाहत बसायची. पोस्टमास्तर एकदा हसत म्हणाले होते की बाई, घंटी आहे ना, डोळ्यांना थोडी विश्रांती द्या. हीराबाईनं मान हलवली होती आणि पाहणं चालू ठेवलं होतं.

ती तिशी ओलांडलेली, कारंज्याला मॅट्रिक झालेली. नवरा भागचंद गावाच्या टोकाला तेलाची मिल चालवायचा. तो गेला आणि वर्षभरानं एक्स्चेंजातली जागा रिकामी झाली. घरातल्या सुनेनं पोस्टात बसावं हे मोठे दीर केशरीचंद यांना पटलं नव्हतं. त्यांची कापसाची पेढी एक्स्चेंजच्या भिंतीला भिंत लावून होती, त्यामुळे सून दिवसभर डोळ्यांसमोर राहील, एवढंच त्यातल्या त्यात बरं. पण निर्णय सासूनं दिला. धापूबाई म्हणाल्या, “जाऊ दे तिले. घरात बसून भिंतीच पाहून राह्यली.”

तिला काम शिकवलं लाइनमन किसनसिंगनं. आधीच्या ऑपरेटरची बदली मूर्तिजापूरला झाली होती आणि बोर्डाची नाडी माहीत असलेला दुसरा माणूस गावात नव्हता. किसनसिंग जवळच्या तांड्यावरचा, खांबावर चढताना चपला खाली काढून ठेवणारा, बोलण्यात थट्टेखोर. पहिल्या दिवशी त्यानं प्लग, दोऱ्या, हेडफोन सगळं दाखवलं आणि मग झडपांच्या खालून जाणाऱ्या पितळी पट्टीवर बोट ठेवलं. प्रत्येक झडप पडताना या एकाच पट्टीला घासून जाते आणि घंटी वाजते, असं त्यानं सांगितलं.

“म्हनून घंटी फकत एवढंच सांगते का कोनी आलं. कोन आलं, किती आले, हे तिले मालूम नाई. दोन झडपा एका टायमाले पडल्या तरी ठोका एकच. आपन एक उचलली अन् चाय प्याले गेलो, का दुसरी राह्यली. समजलं?”

हीराबाईला समजलं होतं. तिनं विचारलं की ज्याची राहिली, त्यानं पुन्हा हँडल फिरवलं तर?

“पडलेली झडप पुन्हा पडत नाई, बाई,” किसनसिंग म्हणाला. “त्यानं दिवसभर फिरवलं तरी घंटी वाजनार नाई.”

हे बोलताना त्याची नजर सतरा नंबरवर गेली आणि तिथून झटकन निघाली. मग तो बराच वेळ दोऱ्यांची गुंतवळ सोडवत बसला, जी मुळात गुंतलेली नव्हतीच. हीराबाईनं सतराकडे पाहिलं. ते तिच्या नवऱ्याच्या मिलचं कनेक्शन होतं.

भागचंद वैशाखातल्या एका दुपारी गेला. मिल बंद होती, गडी सुटीवर होते. संध्याकाळी केशरीचंद शोधत गेले तेव्हा तो टेबलाशी वाकलेला सापडला. फोनचा रिसीव्हर लोंबत होता आणि उजवा हात हँडलवर होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं, लगेच कळलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. गावानं समजूत करून घेतली की फोन लावायच्या आधीच बिचाऱ्याचा जीव गेला. हीराबाईचीही तीच समजूत होती. किसनसिंगनं काम शिकवलं त्या दिवशी, स्टुलावर बसल्या बसल्या, ती समजूत गेली. फोन लागला होता. घंटीही वाजली होती. दुसरी कुठली तरी झडप त्याच ठोक्याला पडली, तेव्हाच्या ऑपरेटरनं ती उचलली, बोलणं जोडून दिलं आणि तो आपल्या कामाला लागला. सतराची खालीच राहिली. भागचंद हँडल फिरवत राहिला.

आणखी एक गोष्ट तिला पुढे कळली. पट्टी पूर्वी अशी नव्हती. पूर्वी झडप पडली की पट्टीवर टेकूनच राहायची आणि उचलेपर्यंत घंटी वाजतच राहायची; कोणाला विसरणं शक्यच नव्हतं. पण भिंतीपलीकडे पेढीवर त्या घणघणाटात गिऱ्हाइकाला भाव ऐकू येईना. केशरीचंदांनी पोस्टमास्तरांकडे तक्रार केली, पोस्टमास्तरांनी किसनसिंगला सांगितलं, आणि किसनसिंगनं दोन स्क्रू ढिले करून पट्टी केसभर खाली सरकवली. तेव्हापासून झडप पट्टीला नुसती शिवून जायची. एकच ठोका, मग शांत. सगळ्यांनाच बरं वाटलं. हे झालं दिवाळीत. भागचंद गेला पुढच्या वैशाखात.

या दोन गोष्टी गावात कोणी एकमेकींना जोडून पाहिल्या नव्हत्या. जोडून पाहिल्या होत्या त्या किसनसिंगनं आणि हीराबाईनं, आणि त्या दोघांत त्यावर कधी शब्द झाला नव्हता. हीराबाईनं फक्त स्वतःपुरता एक नियम केला. ठोका पडला की आधी कशालाही हात लावायचा नाही. पहिल्या झडपेपासून शेवटच्या झडपेपर्यंत नजर फिरवायची. जेवढ्या पडल्या असतील तेवढ्या घ्यायच्या, आणि पुन्हा एकदा नजर फिरवायची. एकही खाली नाही अशी खात्री झाली की मगच पाण्याचा तांब्या उचलायचा.

असं दीड वर्ष नीट चाललं. दुष्काळ सरला, कपाशीला बरे दिवस आले, पेढीवरून अकोल्याला भाव विचारणारे फोन वाढले. संध्याकाळी हीराबाई घरी गेली की धापूबाई माळ बाजूला ठेवून विचारायच्या, “आज कोनाकोनाचे फोन आले?” सून सांगायची: जैन मंदिराच्या संस्थानाचा, दवाखान्याचा, मेडशीच्या पोस्टाचा. कोण काय बोललं हे सून सांगत नसे आणि सासू विचारत नसे. नुसते नंबर ऐकायला त्यांना आवडायचं. बोर्ड कसा असतो हे हीराबाईनं त्यांना एकदा डब्यांची झाकणं मांडून समजावलं होतं. त्या झाकणांत सतरावं झाकण होतं, पण त्याचं नाव दोघींनीही घेतलं नव्हतं.

पौषातल्या एका दुपारी, गाव जेवून सुस्तावलेलं असताना, घंटीला ठोका पडला. हीराबाईनं नजर फिरवली. सतराची झडप खाली होती.

मिलला कुलूप होतं. आत कोणी नव्हतं. फोनचं कनेक्शन कापायला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून ते तसंच राहिलं होतं, एवढंच. तिनं प्लग हातात घेतला आणि तो सतरात घालायला तिला बराच वेळ लागला. मग हेडफोन कानावर दाबून ती ‘नंबर प्लीज’ म्हणाली. पलीकडे कोणी बोललं नाही. मात्र लाइन मेलेली नव्हती. फार लांबवर मिलचा पट्टा चालू असल्यासारखी एक घरघर येत होती, आणि त्या घरघरीच्या आत, जरा कान देऊन ऐकलं तर, काहीतरी थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं.

दुसऱ्या दिवशी झडप पडली नाही. तिसऱ्या दिवशी पडली. मग जवळजवळ रोजच पडू लागली, दुपारच्या त्याच सुमाराला. हीराबाई कोणाला काही बोलली नाही. पण दुपार उतरू लागली की तिचा हात आपोआप एका प्लगकडे जायचा, आणि सतरा पडली की ती ऐकत बसायची. आधी क्षणभर, मग थोडं जास्त, मग किती ते तिचं तिलाच कळेना. ऐकताना ती डोळे मिटू लागली होती.

एका दुपारी तिनं डोळे उघडले तर संस्थानाची झडप खाली होती. ठोका तिच्या कानावर आलाच नव्हता. हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबलेला होता. तिनं घाईघाईनं प्लग घातला. संस्थानाचे मुनीमजी चांगलेच तापले होते. हँडल फिरवून फिरवून माझा खांदा आखडला, तुम्ही झोपा काढता काय, असं त्यांनी ऐकवलं. तिनं माफी मागितली. अकोल्याहून यायच्या यात्रेकरूंचा मुक्काम विचारायचा होता, तातडीचं काही नव्हतं. तरीही संध्याकाळपर्यंत तिनं एक कान हेडफोनबाहेर ठेवला. खांदा आखडेपर्यंत. हे शब्द डोक्यातून जाईनात.

दुसऱ्या सकाळी तिनं किसनसिंगला सांगितलं. सगळं नाही. सतराची झडप उगाच पडते, तेवढं पाहा, एवढंच.

किसनसिंगनं काम नेहमीसारखं मुळापासून केलं. केशरीचंदांकडून किल्ली घेऊन तो मिलमध्ये जाऊन आला. फोन टेबलावर होता, हँडल गंजून इतकं घट्ट झालं होतं की त्याला स्वतःला फिरवता आलं नाही. तारा खांबोखांब पाहिल्या. मग दुपारी तो बोर्डाच्या मागच्या बाजूला बिडी न पेटवता तोंडात धरून बसला. साडेतीनची अकोला-रिसोड गाडी पोस्टामागच्या वळणावर आली, ड्रायव्हरनं गियर बदलला, खोलीची भिंत थरथरली आणि सतराची झडप पडली. ठोका वाजला.

किसनसिंग बाहेर येऊन हसला. झडपेला धरून ठेवणारा आकडा झिजला होता, धक्का बसला की सुटत होता. गाडी वेळेवर आली की झडप पडायची, गाडी बुडाली की पडत नव्हती. घरघर शेजारच्या तारांची होती; बंद लाइनवर ती येतेच.

“तुमचं भूत तिकीट काढून येते, बाई,” तो म्हणाला.

हीराबाईही हसली. हसावं लागलं. पण घरी जाताना तिला असं वाटलं की कोणीतरी आपलं काहीतरी काढून नेलं आणि वर त्याची पावती दिली. किसनसिंग त्याच दिवशी आकडा कसणार होता. तिनं आज नको म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नको म्हटलं. गाडी आल्यावर पडणारी झडप ती आता ऐकत नव्हती, नुसती उचलून ठेवत होती. पण उचलून ठेवायला मिळत होती.

माघ लागला तेव्हा धापूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं नक्की झालं आणि शेजारच्या पानाबाईंना सोबत घेऊन त्या अकोल्याच्या डॉक्टरला दाखवायला गेल्या. परत यायच्या दिवशी त्या साडेतीनच्या गाडीनं येणार होत्या. त्याच सकाळी किसनसिंग मेडशीला निघाला. मेडशी-मालेगाव तार तुटली होती आणि मेडशीच्या पोस्टाला आता फक्त शिरपूरचीच लाइन उरली होती. जाताना त्यानं दारातून डोकं घालून सांगितलं की उद्या येऊन सतराचा आकडा कसतोच, आता ‘नको’ म्हणायचं नाही. हीराबाईनं बरं म्हटलं. तिचं तिनंही तसंच ठरवलं होतं.

दुपार उतरली. हीराबाई भिंतीच्या थरथरण्याची वाट पाहत होती. गाडी आली की सासूबाई दारावरून जाताना हाक मारतील, अशी तिची अटकळ होती. साडेतीन होऊन गेले. भिंत स्वस्थ होती. पेढीवरचा तराजू खणखणल्याचा आवाज पलीकडून येत होता. गाडीला उशीर होणं नवीन नव्हतं.

घंटीला ठोका पडला. एकच.

हीराबाईची नजर पहिल्यांदा गेली ती सतराकडे. सवयच तशी लागली होती. सतराची झडप खाली होती.

तिनं भिंतीला तळहात लावला. भिंत थंड होती आणि जराही हलत नव्हती. बाहेर इंजिनाचा आवाज नव्हता, गियरचा नव्हता. रस्त्यावरून बैलगाडीसुद्धा जात नव्हती. गाडी आलेली नव्हती. मग झडप पडली कशी?

तिच्या हातात प्लग होता आणि प्लग सतराच्या भोकाशी पोचला होता. आत घालायचा तेवढा बाकी होता.  आज तिकीट काढून कोणी आलेलं नव्हतं. आज जर तिनं ऐकलं, तर जे ऐकू येईल ते आकड्याचं नसेल, गाडीचं नसेल. मूर्तिजापूरला गेलेल्या त्या ऑपरेटरनं जे विचारलं नाही, ते ती विचारू शकेल. दोनच शब्द होते, नंबर प्लीज, आणि ते ऐकायला एक माणूस एवढा वेळ हँडल धरून बसला होता.

मग नियमानं तिची नजर हलवली. ती हलवायला तिला मान धरून ओढल्यासारखं झालं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक, दोन, तीन उभ्या. दवाखान्याची उभी. पेढी उभी. सतरा खाली. अठरा, एकोणीस उभ्या. शेवटची, पंचविसावी, मेडशीची झडप खाली होती.

कान एकच होता. आधी सतरा घेऊन मग मेडशी घेता आली असती. क्षणाचा तर प्रश्न. पण सतरावरचा क्षण केवढा असतो हे तिला आता माहीत होतं. आणि एका ठोक्याला पडलेल्या दोन झडपांपैकी एक नंतर घेतली की काय होतं, हेही.

तिनं प्लग सतरापासून काढला आणि पंचविसात घातला.

“नंबर प्लीज.”

“बाई, सहा द्या,” किसनसिंगचा आवाज होता. थट्टेचा मागमूस नव्हता. “डॉक्टर द्या लवकर.”

“काय झालं?”

“येष्टी पलटली. घाटाच्या वळनावर.”

“सासूबाई?”

“पयले डॉक्टर द्या, बाई. मंग इचारा.”

तिनं सहा नंबर वाजवला. डॉक्टर घेईपर्यंत ती उभी होती. बसायचं तिला सुचलं नाही. दोघांचं बोलणं जोडून तिनं दुसरी दोरी उचलली आणि मालेगाव मागितलं, तिथल्या दवाखान्याची गाडी निघाली पाहिजे असं सांगितलं. तिसऱ्या दोरीनं पोलीस चौकी घेतली. चौथीनं संस्थान. मुनीमजींना तिनं एवढंच सांगितलं की यात्रेकरूंची जीप लगेच घाटाकडे काढा, आणि मुनीमजींनी या वेळी एकही शब्द ऐकवला नाही.

तोवर गावात कुणकुण पोचली होती आणि झडपा पडू लागल्या. आता एकेका ठोक्याला दोन-दोन, तीन-तीन. घंटी सांगत होती ते फक्त इतकंच की कोणीतरी आलं, आणि हीराबाई दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर फिरवून प्रत्येकाला घेत होती. ज्यांना नुसतं विचारायचं होतं त्यांना लाइन मोकळी ठेवा म्हणून सांगत होती. केशरीचंद चार पावलांवर भिंतीपलीकडे होते, तरी त्यांनी फोनच केला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. आईचं काही कळलं का, असं त्यांनी विचारलं. तिनं नाही म्हटलं, कळताच सांगते म्हटलं, आणि पुढची झडप उचलली.

या सगळ्या वेळात सतराची झडप खाली होती. दोऱ्या इकडून तिकडे नेताना हीराबाईचा हात पुन्हा पुन्हा तिच्यासमोरून जात होता. खाली पडलेली झडप पुन्हा पडत नाही. पलीकडे कोणी हँडल फिरवत असेल तर त्याचा काहीही आवाज या खोलीत येणार नव्हता. हे तिला दर वेळी ठाऊक होतं आणि दर वेळी तिनं हात पुढे नेला.

पुन्हा पंचविसावर किसनसिंग आला, तेव्हा त्यानं न विचारता सांगितलं. पानाबाईंच्या कपाळाला टाके पडतील. धापूबाईंचा हात मोडला होता, पण त्या बोलत होत्या. चष्मा सापडत नाही म्हणून शिव्या देत होत्या. ड्रायव्हरचे पाय टपाखाली अडकले होते, डॉक्टर पोचले तेव्हा त्याच्यात थोडाच दम उरला होता. आणखी उशीर झाला असता तर तो वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

हीराबाईनं केशरीचंदांचा नंबर वाजवून हे सांगितलं.  भिंतीपलीकडून एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचं रडणं ऐकू आलं.

मग बोर्ड शांत झाला. तिनं शेवटची नजर फिरवली. चोवीस झडपा उभ्या होत्या आणि एक खाली. तिच्याकडे प्लग होता, कान होता, आता वेळही होता. ती सतरासमोर बसून राहिली. आता ऐकलं आणि नुसती घरघर आली, तर मघाशीही ती घरघरच होती असं ठरलं असतं. आणि काही वेगळं आलं असतं, तर मघाशी आपण कोणाला ठेवून दिलं तेही ठरलं असतं. बाहेर संध्याकाळच्या माणसाची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. हीराबाईनं प्लग जागेवर ठेवला आणि बोटानं झडप उचलून आकड्यात बसवली. ती बसली. हीराबाईनं बोट लगेच काढलं नाही.

संध्याकाळचा माणूस आला तरी हीराबाई जीपची वाट पाहत तिथेच थांबली होती. किसनसिंग जखमींना गावच्या दवाखान्यात उतरवून संस्थानाच्या जीपमधून परतला तो घरी न जाता थेट एक्स्चेंजात आला. त्याच्या सदऱ्यावर दुसऱ्या कोणाचं रक्त वाळलं होतं. त्यानं संध्याकाळच्या माणसाला जरा बाजूला व्हायला सांगितलं, पिशवीतून पेचकस काढला आणि बोर्डाच्या मागे जाऊन पितळी पट्टीचे दोन स्क्रू ढिले करू लागला. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलं नाही.

“मी हँडल एकदाच फिरवलं, बाई,” तो मागूनच म्हणाला. “पोस्टातले लोक म्हने, पुन्हा फिरव, फिरवत राह्य. मले मालूम होतं ना का उपेग नाई. एकदा फिरवलं अन् हात खाली सोडून उभा राह्यलो. तेवढ्यात सगळं आठोलं.”

काय आठवलं ते त्यानं सांगितलं नाही. त्यानं पट्टी केसभर वर सरकवली, स्क्रू कसले आणि पुढे येऊन बोटानं एक झडप पाडली. घंटी वाजू लागली. वाजतच राहिली. जुन्या काळातला तो घणघणाट खोलीतून भिंतीत गेला आणि भिंतीपलीकडे पेढीत.

केशरीचंद दारात येऊन उभे राहिले. त्यांनी घंटीकडे पाहिलं, किसनसिंगच्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं, मग बोर्डावर त्यांची नजर हळूहळू एका नंबरपाशी गेली आणि तिथेच थांबली. किसनसिंग झडप उचलायला पुढे झाला.

“वाजू द्या,” केशरीचंद म्हणाले. आणि ते परत पेढीवर गेले.

घंटी बंद झाल्यावर किसनसिंगनं पेचकस सतराच्या आकड्याशी नेला. “हिले कसू ना? तुमी हो म्हटलं होतं.”

हीराबाई सतराकडे पाहत राहिली. किसनसिंगनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

“आज गाडी नोती आली,” तो म्हणाला. “आज पडली?”

“पडली.”

त्यानं पेचकस पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला.

हीराबाई दवाखान्यात पोचली तेव्हा सूर्य मावळून गेला होता, म्हणजे जैन घराच्या रीतीनं दोघींचंही जेवण राहिलं. धापूबाई खाटेवर उशाला टेकून होत्या, हात लाकडी पट्ट्यांत बांधलेला, डोळ्यांवर चष्मा नाही, त्यामुळे चेहरा नवखा दिसत होता. हीराबाई शेजारी बसली. सासूबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला. गाडी कशी पलटली, कोण कोणावर पडलं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी रोजचा प्रश्न विचारला.

“आज कोनाकोनाचे फोन आले?”

हीराबाईनं सांगितले. मेडशीचा. दवाखान्याचा, मालेगावचा, चौकीचा, संस्थानाचा. पेढीवरून भाईजींचा. 

“अन् सतराचा,” ती म्हणाली.

धापूबाईंचा हात तिच्या हातात होता. तो हलला नाही. खाटेपलीकडच्या भिंतीवर कंदिलाची सावली वरखाली होत होती, तिकडे त्या बिनचष्म्याच्या डोळ्यांनी पाहत राहिल्या.

“कवा?”

“मेडशीच्या संगच. एकाच ठोक्याले.”

“घेतला?”

“नाई. आदी मेडशी घेतली.”

 पानाबाई पलीकडच्या खाटेवर कण्हत होत्या. कोणीतरी त्यांना पाणी हवं का विचारलं, आणि सूर्य मावळलाय, आता पाणी नको, असं त्यांनी सांगितलं.

“झडप उचलली ना पन नंतर?” धापूबाईंनी विचारलं.

“उचलली.”

“मंग ठीक हाये. पुन्हा पडाले मोकळी,” त्या म्हणाल्या, आणि मोडका हात जपत त्यांनी कूस बदलली.